दुरून पाळक साजरे

अलीकडे ख्रिस्ती मंडळ्यांत एक मागणी जोर धरू लागली आहे. पाळकाने, बिशपांनी, संस्थेच्या संचालकांनी लोकांशी खरेखुरे नाते जोडावे, असे काही जण म्हणू लागले आहेत. त्यावर शिबिरे होतात, पाहुणे वक्ते येतात, दुपारी जेवण होते आणि संध्याकाळी हजेरीपटावर सह्या करून मंडळी घरी जातात. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या जुन्या, रुळलेल्या आणि सर्वांच्या सोयीच्या व्यवस्थेला हात घालण्यापूर्वी तिचे गुण नीट पाहून घ्यावेत, हे जबाबदार नागरिकाचे कर्तव्य आहे. पुढारी आणि लोक यांच्यातले अंतर ही अशीच एक व्यवस्था आहे. तिने मंडळीची शिस्त राखली, पुढाऱ्याची प्रतिष्ठा राखली आणि तुमची-आमची रविवारची दुपार मोकळी राखली. तिची बाजू मांडायला कोणी पुढे येत नाही, म्हणून हा लेख.

अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ साली सुरू झाले. पुढच्या काळात वडाळा, शेवगाव, राहुरी या भागांत जे मराठी पाळक, शिक्षक आणि बायबल-बाया फिरले, ते बहुधा पायी नाहीतर बैलगाडीने. मुक्काम कुणाच्या तरी ओसरीवर, आणि जेवण त्या घरात शिजले असेल ते. त्यामुळे कोणाची म्हैस आटली, कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणी भांडी गहाण टाकली, हे त्यांना ठाऊक असे. या पद्धतीचा दोष उघड आहे. लोक त्यांना अडचणी सांगत, आणि अडचण एकदा कानावर पडली की तिच्यासाठी काहीतरी करावे लागते. न ऐकलेल्या दुःखाची जबाबदारी मात्र कोणावरही येत नाही. आपल्या आजच्या व्यवस्थेचा पाया या साध्या सत्यावर उभा आहे. साडेनऊला पाळकसाहेबांची गाडी आवारात येते, साडेअकराला बाहेर पडते. मधल्या दोन तासांत गीते, वाचन, संदेश, दानार्पण, सूचना आणि आशीर्वाद, सगळे वेळेवर होते. अडचणी सांगण्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत जागा नाही, हे नियोजनाचे यश मानले पाहिजे.

भक्ती संपल्यावर दाराशी हस्तांदोलन होते. तेवढा संबंध मात्र आपण जपला आहे. एखाद्या रविवारी रांगेत उभे राहून तो जवळून पाहावा. पाळकसाहेबांचा उजवा हात तुमच्या हातात असतो, ओठांवर ‘जय ख्रिस्त’ असते, आणि नजर तुमच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या विश्वस्तांकडे गेलेली असते. ‘कसं काय, बरं आहे ना?’ हा प्रश्न ते विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता हात पुढच्या माणसाच्या हाती देतात. मागच्याच आठवड्यात जिचा नवरा गेला, त्या बाईलाही तोच प्रश्न येतो आणि तीही ‘हो, बरं आहे’ म्हणून चपला शोधायला वळते. या पद्धतीत भेदभाव नाही. सुखी आणि दुःखी, श्रीमंत आणि गरीब, नवे आणि जुने, सर्वांना सारखेच तीन सेकंद मिळतात. समतेचा इतका काटेकोर अंमल इतरत्र क्वचितच दिसेल.

घरभेटी बंद पडल्या आहेत, असा आरोप होतो. तो खरा नाही. वर्षातून एकदा घरभेटीचा आठवडा असतो आणि त्याची यादी सेक्रेटरींच्या हातात असते. एका संध्याकाळी दहा-बारा घरे. दोन खोल्यांच्या घरात एकुलत्या एक खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरलेला असतो, कान न फुटलेले कप शेजारून आणलेले असतात. पाळकसाहेब खुर्चीवर बसतात, बाकीचे जमिनीवर. स्तोत्र तेविसावे वाचले जाते, कारण ते लहान आहे आणि पाठ आहे. मेंढपाळाचे ते वर्णन संपले की लगेच प्रार्थना होते आणि तीत मुलाच्या नोकरीला भरभराट मागितली जाते. नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेलेली असते. आजी म्हणतात, ‘साहेब, पोराचं जरा सांगायचं होतं...’ सेक्रेटरी घड्याळ बघतात. ‘आजी, अजून सहा घरं राहिलीत.’ मग उभ्याने चहा, एक फोटो, आणि आजी पदराखालून दानाचे पाकीट काढून देतात. वार्षिक अहवालात या घराची नोंद ‘भेट दिली’ अशी होते, आणि ती नोंद अचूक असते.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचा एक पाळक होता. पाळकांच्या कर्तव्यांवरचे त्याचे पुस्तक १६५६ साली निघाले. दर सोमवारी आणि मंगळवारी तो आणि त्याचा सहकारी आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांशी एकेक करून निवांत बोलत. गावात आठशेहून अधिक कुटुंबे होती आणि वर्षभरात सगळ्यांची फेरी पुरी व्हावी, असा त्याचा हिशेब होता. त्याला दुचाकी नव्हती, फोन नव्हता, आणि प्रकृती तर जन्मभर नाजूक. एवढ्या साधनहीन माणसाला जे जमले ते आपल्याला का जमत नाही, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. बॅक्स्टरला सोमवारी विश्वस्तांची बैठक आणि मंगळवारी न्यायालयाची तारीख नव्हती.

आता मूळ पुराव्याकडे वळू. अंतराचे विरोधक नेहमी प्रभू येशूचे उदाहरण देतात, म्हणून त्या उदाहरणाचा शांतपणे विचार केला पाहिजे. गालीलातल्या या गुरूने बारा माणसे निवडली आणि त्यांच्याबरोबर रस्त्यावर, होडीत, लोकांच्या घरी दिवस काढले. पेत्राची सासू तापाने पडली तर तिच्या अंथरुणापाशी जाऊन तिचा हात धरला. जक्कय नावाच्या बदनाम जकातदाराला झाडावरून खाली बोलावून त्याच्याच घरी मुक्काम केला. विहिरीवर एका शोमरोनी बाईजवळ पाणी मागितले आणि तो एका बाईशी बोलत आहे हे पाहून शिष्यही चकित झाले. लाजराच्या कबरेपाशी सगळ्यांदेखत रडला. शेवटच्या रात्री कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि त्या पायांत यहूदाचेही पाय होते. एवढ्या जवळिकीचे फळ काय मिळाले? त्याच रात्री एकाने त्याला विकले, एकाने तीनदा नाकारले आणि बाकीचे पळून गेले. व्यवस्थापनाच्या दृष्टीने याहून स्पष्ट पुरावा सापडणार नाही. ज्याच्या घराचा पत्ता आपण कधी विचारला नाही, तो माणूस आपल्याला विकूही शकत नाही.

त्यानंतर जे घडले, ते तर शिस्तीच्या कोणत्याही नियमात बसत नाही. ज्याने नाकारले त्या पेत्राला कारणे दाखवा नोटीस गेली नाही, त्याची बदलीही झाली नाही. तळ्याच्या काठावर विस्तव पेटवून त्याच्यासाठी मासे आणि भाकर तयार ठेवली गेली. न्याहारी झाल्यावर त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला गेला, तोही प्रेमाबद्दल, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे त्याच्याच हवाली करण्यात आली. आपल्याकडे एखादा तरुण पाळक चुकला की प्रकरण समितीकडे जाते, समिती उपसमिती नेमते, अहवाल येईपर्यंत त्याच्याशी कोणी बोलत नाही, आणि अहवाल आल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. या दोन पद्धतींपैकी कागदपत्रे कोणत्या पद्धतीत व्यवस्थित राहतात, हे वाचकांनीच ठरवावे.

पौलाने तर पत्रव्यवहाराची शिस्तच बिघडवली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय हा जवळजवळ सगळा नावांचा आहे. वीसहून अधिक माणसांना तो नावानिशी सलाम सांगतो. कोणी त्याच्याबरोबर तुरुंगात होते, कोणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला होता, आणि रूफाची आई तर माझीही आईच आहे, असे तो सांगतो. ओनेसिम नावाच्या पळालेल्या गुलामासाठी त्याने फिलेमोनाला एक स्वतंत्र पत्र लिहिले, आणि याचे काही देणे असेल ते माझ्या खात्यावर मांड, असे त्यात कबूल केले. मोठ्या कामाचा मनुष्य एका गुलामाच्या देण्यात स्वतःला गुंतवतो, हे आजच्या कोणत्याही प्रशासकाला पटणार नाही. आपली परिपत्रके ‘सर्व संबंधितांस’ अशी सुरू होतात. त्यात कोणाचे नाव नसल्यामुळे कोणाचे नाव राहून गेले, अशी तक्रार येत नाही.

आपल्या मराठी इतिहासातही जवळिकीची वाईट उदाहरणे भरपूर आहेत. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे वळले, त्याची सुरुवात नागपूरकडून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीच्या डब्यात झाली. एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी आदराने संवाद साधला आणि उतरताना नवा करार हाती दिला. व्यासपीठ नव्हते, पत्रके नव्हती, फक्त दोन माणसे शेजारी बसली होती. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटले, मग काही वर्षांनी पुन्हा जुळले, आणि पुढे पत्नी लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या घराचे दार बंद म्हणून राहिले नाही. अनाथ पोरे, विद्यार्थी, वाटसरू, आजारी माणसे असा राबता असे आणि महिन्याची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंनी करायची. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकत होते. दोन वर्षांत ते वारले. मागे मालमत्ता राहिली नाही, फक्त लोकांच्या तोंडी असलेली भजने राहिली आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. अशा कारकिर्दीला यशस्वी म्हणता येईल असा रकाना आपल्या अहवालाच्या नमुन्यात नाही.

पंडिता रमाबाईंची चूक याहून मोठी. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींसाठी मदतीचे आवाहन करून त्यांना पुण्यात बसता आले असते. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि मुलींना घेऊन केडगावला आल्या. १९०० च्या सुमारास तिथल्या त्यांच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास माणसे होती. तिथे विणकाम, शेती, छपाई अशी कामे मुली शिकल्या, आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. ज्या मुलींना जगाने टाकले होते, त्यांनी बायबलाचे खिळे जुळवले. रमाबाई त्यांच्यातच राहिल्या आणि १९२२ साली त्यांच्यातच गेल्या. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीही हाच हट्ट धरला. वेदीवरून उतरून त्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, पाणी आणि जमीन वाचवण्यासाठी शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर उभे राहिले, धमक्या सोसल्या. २०२० साली उस्मानाबादला ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते फक्त ख्रिस्ती लोकांचे उरले नव्हते, सगळ्या महाराष्ट्राचे झाले होते. आपला माणूस असा परक्यांचा होऊन जाणे, ही जोखीम अंतर पाळणाऱ्या पुढाऱ्याला कधीच पत्करावी लागत नाही.

अंतराचे खरे सामर्थ्य पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. सिअ‍ॅटलमध्ये १९९६ साली मार्स हिल नावाचे चर्च सुरू झाले. मार्क ड्रिस्कॉल हे त्याचे प्रमुख वक्ते. चर्चच्या शाखा पाच राज्यांत पसरल्या आणि ड्रिस्कॉल यांचे संदेश चित्रित करून शाखांतल्या पडद्यांवर दाखवले जाऊ लागले. पुढारी एका शहरात आणि कळप दुसऱ्या राज्यात, ही व्यवस्था इतकी परिपूर्ण होती की पडद्यावरच्या माणसाला प्रेक्षकातल्या एकाचेही नाव माहीत असण्याची गरज उरली नाही. ज्या वडीलजनांनी प्रश्न विचारले, त्यातल्या काहींना आधीच घरी पाठवले होते. २०१४ च्या ऑक्टोबरात ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला आणि वर्ष संपता संपता ते सारे चर्च विसर्जित झाले. इतक्या हजारो माणसांना एकत्र आणणारी गोष्ट अडीच महिन्यांत संपली, कारण ती माणसे एका आवाजाला बांधलेली होती, एकमेकांना नव्हे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. मद्रासला जन्मलेले रवी झकरायस जगभर फिरून ख्रिस्ती विश्वासाची तर्कशुद्ध मांडणी करत. भारतातही त्यांना मानणारे असंख्य होते. २०२० साली ते वारले. त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा चौकशी अहवाल २०२१ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला आणि त्यांनी अनेक वर्षे अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे त्यातून बाहेर आले. त्यापूर्वी एका स्त्रीने तोंड उघडले होते, तेव्हा संस्था तिच्या पाठीशी नव्हे, त्यांच्या पाठीशी उभी राहिली होती. त्यांना ओळखणारे लाखो होते. त्यांना खडसावू शकेल असा, त्यांच्या प्रवासाचा, खोलीचा, फोनचा हिशेब मागू शकेल असा मित्र एकही नव्हता. पुढाऱ्याच्या एकांतात कोणी डोकावू नये, हा नियम तिथे शेवटपर्यंत पाळला गेला. त्याची किंमत त्या स्त्रियांनी मोजली.

मित्रांचा विषय निघालाच आहे, तर तोही स्पष्ट करू. पुढाऱ्याला मित्र नसावेत, हे आपल्याकडे सर्वमान्य तत्त्व आहे. भोवती माणसे हवीत, पण ती ‘साहेब, संदेश फार आशीर्वादाचा झाला’ एवढेच म्हणणारी हवीत. जर्मनीत नाझींच्या काळात डिट्रिक बॉनहॉफर यांनी फिंकनवाल्डे येथे भावी पाळकांसाठी एक विद्यालय चालवले. तिथे नियम होता की गैरहजर असलेल्या बांधवाबद्दल बोलायचे नाही, आणि चुकून बोललो तर त्याला जाऊन सांगायचे. तिथले तरुण एकमेकांजवळ पापांची कबुली देत. १९३७ साली गेस्टापोने ते विद्यालय बंद केले आणि १९४५ साली बॉनहॉफर यांना फाशी झाली. फिंकनवाल्डेचा तो नियम आपल्या एखाद्या मंडळीने अंगीकारला, तर रविवारी भक्तीनंतर आवारातल्या झाडाखाली जी चर्चा चालते ती जागच्या जागी थांबेल, आणि कित्येक वर्षांचे दळणवळण ठप्प होईल.

नाती नसली म्हणजे संबंध नसतात, असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. आपल्या संस्थांत अतिशय दीर्घकाळ टिकणारे संबंध आहेत. ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाहायला मिळतात. एका गटाने विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दाखल करायचा, दुसऱ्याने त्यावर हरकत घ्यायची, मग अपील, मग पुढची तारीख. मिशनने दिलेल्या जमिनी, शाळा, दवाखाने, बंगले यांच्या कागदांभोवती माणसे इतकी घट्ट बांधली गेली आहेत की वडील वारले तर मुलगा त्याच प्रकरणात पक्षकार म्हणून उभा राहतो. प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांकडे न पाहणारे दोघे न्यायालयाच्या बाकावर मात्र दर महिन्याला शेजारी बसतात. दवाखाना बंद पडला, शाळेचे छप्पर गळू लागले, पण संबंध तुटले नाहीत. विश्वासू राहण्याची शिकवण आपण अशा रीतीने आचरणात आणली आहे.

अंतराचा आणखी एक उपकार सांगितला पाहिजे. आपण सारे ख्रिस्तात एक आहोत, हे वाक्य आपण व्यासपीठावरून ऐकतो आणि आमेन म्हणतो. मग मुलामुलीचे लग्न ठरवायची वेळ आली की हळूच विचारतो, ‘मूळचे कोण तुम्ही?’ आजोबा-पणजोबांनी जी जात मागे टाकली म्हणून बाप्तिस्मा घेतला, ती सोयरिकीच्या बोलण्यांत दाराबाहेरून आत येते. पाळकाने घरोघरी बसायचे ठरवले, तर ही बोलणी त्याच्या कानावर पडतील आणि त्याला काहीतरी बोलावे लागेल. लक्ष्मीबाई टिळकांना सोवळे-ओवळे सोडताना किती झगडावे लागले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तो झगडा घरात, स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी झाला. व्यासपीठावरून तो झाला नसता. आपण पाळकाला व्यासपीठावरच ठेवतो, आणि जातही सुरक्षित राहते.

हे अंतर फक्त पाळकांनी राखले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपणही आपला वाटा चोख उचलला आहे. पाळकाची बदली दर काही वर्षांनी होते. नव्या गावात जाताना ज्येष्ठ त्याला सांगतात, कोणाशी फार जवळीक करू नको, गट पडतात. पाळकबाई नवी शाळा, नवा दूधवाला, नवे डॉक्टर शोधतात. मुले तिसऱ्यांदा मित्र सोडून येतात. पाळक दुसऱ्यांच्या घरातले मयत पुरतो, दुसऱ्यांच्या आजारपणात प्रार्थना करतो, आणि स्वतःला रात्री झोप येत नाही, हे कोणालाच सांगू शकत नाही, कारण ते सांगितले तर पुढच्या बैठकीत त्याचा विषय होईल. त्याचा पगार उशिरा झाला तर आपण विचारत नाही, संदेश लांबला तर विचारतो. त्याच्या वाढदिवसाला मात्र चौकात फ्लेक्स लावतो, आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळपासून रात्रीपर्यंत हात जोडलेली चित्रे येत राहतात. त्यातल्या एकानेही त्या दिवशी त्याचे दार वाजवलेले नसते. त्याने आपल्याला दारातले तीन सेकंद दिले, आपण त्याला एक चित्र दिले. हिशेब दोन्ही बाजूंनी पूर्ण आहे.

या व्यवस्थेचे समर्थन करताना एका गोष्टीला मात्र उत्तर सापडत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळाची जी ओळख दिली आहे, ती अशी की तो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि ती त्याचा आवाज ओळखतात. नावे माईकवरून शिकता येत नाहीत. ती शिकायला जमिनीवर बसावे लागते, थांबावे लागते, आणि ऐकलेल्या दुःखाचे ओझे घरी घेऊन जावे लागते. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारी सकाळी धर्मगुरूंना सांगितले की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा, आणि संध्याकाळी ते रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलामुलींचे पाय धुवून आले. बोलणे आणि करणे यांत तिथे एका दिवसाचेही अंतर नव्हते.

म्हणून पाळकांना, बिशपांना आणि ज्यांच्या हाती संस्था आहेत त्या सर्वांना कळकळीची विनंती आहे. या आठवड्यात एका घरी जा. सेक्रेटरी, यादी, कॅमेरा आणि पाकीट मागे ठेवा. खुर्ची नाकारा आणि आजींचे बोलणे पुरे होईपर्यंत उठू नका. तुमच्या तोंडावर तुमची चूक सांगेल असा एक माणूस निवडा आणि त्याला तसे करण्याचा हक्क द्या. आणि वाचकहो, रविवारी दाराशी तुमची पाळी आली की पाळकाचा हात लगेच सोडू नका. तो कसा आहे ते विचारा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा. नाते नसलेल्या पुढारपणाला ख्रिस्ताचे नाव लावण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.